जिंकलेल्या सामन्याचा उत्तरार्ध

शनिवारी दुपारी चारला दहा मिनिटं कमी असताना अमेरिकन फुटबॉलचा सामना संपला. हॅलिस्टन कॉलेज एकतीस, ग्लेनडोर सत्तावीस. शेवटच्या खेळीत ग्लेनडोरच्या एका उंच पोराच्या बोटांना लागून चेंडू गवतावर पडला, पंचांनी हात हलवले आणि पूर्वेकडची बाकं एकदम उठून ओरडायला लागली. कॉलेजच्या मनोऱ्यात पहिल्या वर्षाच्या मुलांनी घंटा बडवायला सुरुवात केली. मोसमातला दुसरा सामना, दुसरा विजय.

आर्डिस कोल्टर उठली नाही. मैदानावर दोन्ही संघ एकमेकांचे हात हातात घेत होते आणि ती सत्तावन्न नंबरच्या पाठीकडे बघत होती. तो रांगेत बरोबर उभा होता. हात मिळवत होता. पण पुढचा माणूस समोर आला की मगच त्याचा हात वर येत होता, जरा उशिरा.

“अगं, जिंकलो की!” मागच्या बाकावरून बड डचर म्हणाला. बडचं गावात हार्डवेअरचं दुकान होतं, आणि त्याच्या चौथ्या वर्षातल्या नातवाला संघात बचावाची कड सांभाळायला ठेवलं होतं. “असं तोंड करून काय बसलीस? बगळे जिंकले, बगळे!”

संघाचं नाव हेरन्स. नदीकाठचं कॉलेज, म्हणून बगळे. हरले की गावात म्हणायचे, एका पायावर उभे राहिले आणि झोपले.

“पूर्वार्धात अठ्ठावीस–तीन होतं, बड,” आर्डिस म्हणाली. “उत्तरार्धात तीन–चोवीस. हे जिंकणं नव्हे. वेळ संपली म्हणून वाचलो.”

“क्वार्टरबॅकला चष्मा लावा, सगळं ठीक होईल. दोनदा चेंडू सरळ त्यांच्या हातात दिला. माझी म्हैससुद्धा...”

“तुझ्याकडे म्हैस नाहीये.”

“असती तर तिनंही नसता दिला.”

शेजारी बसलेल्या रॉस्कोने, आर्डिसच्या नवऱ्याने, दोघांच्या गाद्या गुंडाळून काखेत घेतल्या. “चल,” तो म्हणाला. “पोरगा अंघोळ करून येईपर्यंत वाट बघायची का?”

“नको. उद्या जेवायला येणारच आहे.”

सत्तावन्न नंबर म्हणजे इमेट, तिच्या मुलीचा मुलगा. चौथं वर्ष, शेवटचं. पहिली दोन वर्षं बाकावर बसून काढलेली, तिसऱ्या वर्षी अधूनमधून मैदानात, आणि या मोसमात पहिल्यांदाच सेंटर म्हणून त्याची जागा पक्की झाली होती. सेंटर हा ओळीच्या मधोमध चेंडूवर ओणवा बसतो आणि दोन पायांमधून तो मागे क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, देतो. लोकांना एवढंच दिसतं. पण चेंडू देण्याआधी तो मान वर करतो, समोरच्या संघातल्या एकाकडे हात करतो आणि ओरडून सांगतो की हा तो. त्यावरून त्याच्या दोन्ही बाजूंच्या चौघांना कळतं की कोणी कुणाला अडवायचं. सेंटरने चुकीचा माणूस दाखवला की पाचही जण चुकतात, आणि मग मागे उभ्या क्वार्टरबॅकवर भिंत कोसळते. लोक क्वार्टरबॅकला शिव्या देतात.

आर्डिसला हे लग्नानंतर कळलं. रॉस्को शाळेच्या संघाचा मदतनीस प्रशिक्षक होता आणि पहिल्याच सामन्याला त्याने तिला सांगितलं होतं, चेंडूकडे सगळेच बघतात, तू ओळीकडे बघ. तेव्हापासून ती ओळीकडेच बघत आली.

त्या दिवशी तिने पाहिलं ते असं. पूर्वार्ध संपायला थोडाच वेळ असताना खेळाडूंचा एक ढीग पडला. ढिगाच्या तळाशी इमेट होता आणि कुणाचा तरी गुडघा त्याच्या हेल्मेटच्या बाजूला बसला. तो लगेच उठला. जाळीत अडकलेलं गवत काढलं आणि चालायला लागला, ग्लेनडोरच्या बाकाकडे. चार-पाच पावलं गेला आणि वळला. बाकांवर हशा पिकला. रॉस्कोही हसला. उत्तरार्धात इमेट मैदानात आला, ओणवा बसला, चेंडू दिला. मान वर केली नाही. पुढच्या वेळी हात केला, पण जिथे कुणीच नव्हतं तिथे. नंतर तर हात उचललाच नाही. तिथून पुढे भिंत कोसळत राहिली.

*

रविवारी चर्चनंतर इमेट आला. डोक्यावर टोपी होती, ती त्याने घरातही काढली नाही. स्वयंपाकघरात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन येतं. त्याने आल्याबरोबर पडदा ओढला आणि खिडकीकडे पाठ करून बसला. आर्डिसने भाजलेलं मांस, बटाटे आणि घेवडा मांडला.

“तर मग, आजी,” तो म्हणाला, “निकाल सांग.”

हा घरचा रिवाज होता. शाळेत खेळायला लागल्यापासून रविवारच्या जेवणाला आजी त्याला गुण द्यायची, आणि कधी खोटे द्यायची नाही. एकदा त्याच्या वाढदिवशी तिने त्याला नापास केलं होतं.

“पूर्वार्धात उत्तम,” आर्डिस म्हणाली. “त्यांच्या त्या जाड्याला तू तीनदा उताणा केलास. हात खाली, ढुंगण खाली, अगदी हवा तसा.”

“आणि उत्तरार्धात?”

“उत्तरार्धात तू खेळलास का?”

इमेट हसला. हसू जरा उशिरा आलं. “म्हणजे काय? मीच होतो.”

“मला नाही दिसलास. सत्तावन्न नंबर घालून कुणीतरी होतं तिथे. त्याला समोर कोण उभंय ते ठाऊक नव्हतं.”

“ऊन होतं गं. नव्वद फॅरनहाइटचं ऊन. सगळेच दमले होते.”

“दमलेला माणूस हळू हात करतो. तू करतच नव्हतास.”

रॉस्कोने मध्ये बटाट्यांचं भांडं सरकवलं. “खाऊ दे त्याला आधी.”

इमेटने बटाट्यांवर मीठ घातलं. मिठाची बाटली खाली ठेवली, काटा उचलला, ठेवला, आणि पुन्हा मीठ घातलं. रॉस्कोने ते पाहिलं आणि मग ताटात बघितलं.

“दुखापती बघणाऱ्या ट्रेनरने चाचणी घेतलीये,” इमेट म्हणाला. “आज सकाळी. मिस क्विग्लीने स्वतः. कुणीतरी तिला सांगितलं असणार, मी त्यांच्या बाकाकडे गेलो म्हणून. पास झालो. कागदावर आहे. विचार हवं तर.”

“कशी पास झालास?”

इमेटने मिठाची बाटली दूर सारली.

“ऑगस्टमधल्या आकड्यांशी ताडून, ना?”

सराव सुरू होण्याआधी, ऑगस्टमध्ये, संघातल्या प्रत्येकाची संगणकावर चाचणी होते. शब्द लक्षात ठेवा, आकृती ओळखा, रंग दिसला की कळ दाबा. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला तर तीच चाचणी पुन्हा घेतात आणि दोन्ही आकडे ताडून बघतात. नवा आकडा फार खाली आला तर खेळाडू बाहेर. म्हणून चौथ्या वर्षाची पोरं ऑगस्टमध्ये मुद्दाम मठ्ठासारखी चाचणी देतात. शब्द विसरतात, कळ उशिरा दाबतात. पुढच्या वर्षाला मागचं वर्ष हे शिकवून जातं. इमेटने ऑगस्टमध्ये याच टेबलाशी बसून ते सांगितलं होतं, नक्कल करून, जीभ बाहेर काढून. रॉस्कोला हसून ठसका लागला होता. आर्डिसही हसली होती.

“सगळे करतात, आजी.”

“ठाऊक आहे.”

“डोकं दुखतंय थोडं. बस. शुक्रवारपर्यंत जाईल.” त्याने टोपी आणखी खाली ओढली. “कुणाला सांगणार नाहीस ना?”

“घेवडा घे.”

“आजी. माझं शेवटचं वर्ष आहे. दोन वर्षं मी लोकांना पाणी दिलंय. पुढच्या वर्षी मी कुठल्यातरी ऑफिसात बसणार, परत कधी हे करणार नाहीये. आठ सामने राहिलेत. वचन दे.”

“देत नाही.”

“एवढंसं?”

“तुला खोटे गुण कधी दिले नाहीत. खोटं वचन कशाला देऊ?”

तो उठला. खुर्ची मागे सारताना भिंतीला हात टेकवला आणि क्षणभर तसाच राहिला. ॲपल पाय त्याने खाल्ला नाही. त्याच्यासाठीच केलेला होता. रॉस्को त्याला गाडीने होस्टेलवर सोडून आला.

परत आल्यावर तो दारातच उभा राहिला. “तू सांगितलंस,” तो म्हणाला, “तर पोरगा या घरात पाय ठेवणार नाही.”

“न ठेवो,” आर्डिस ताटं उचलत म्हणाली. “पाय कुठे ठेवायचा हे त्याला कळत राहिलं म्हणजे झालं.”

“बावीस वर्षांचा आहे तो. त्याचं डोकं, त्याचा निर्णय.”

“त्याच डोक्याने निर्णय घ्यायचाय ना, रॉस्को? तीच तर अडचण आहे.”

रॉस्को बसला. मग म्हणाला, “मीठ मीही पाहिलं.”

कोचला फोन करावा हे तिच्या मनात आलं होतं. गेल्या वर्षी एका आईने मुलाच्या घोट्याबद्दल कोचला फोन केला होता आणि मोसमभर पोरं त्या मुलाला ‘आईला विचार’ म्हणून हाका मारत होती. पण खरी गोष्ट ती नव्हती. फोन केला तर कोच म्हणेल, आर्डिसबाई, चाचणीत तो पास आहे. आजीचा जीव आहे, मला कळतं. आजीचा जीव ही गोष्ट कुणीही बाजूला ठेवू शकतं. तिला कोचच्या स्वतःच्या डोळ्यांना दाखवायचं होतं. बाकीचं त्यानंतर.

*

सोमवारी दुपारी लूथरन चर्चच्या तळघरात संघाच्या चाहत्यांच्या, क्वार्टरबॅक क्लबचं जेवण असतं. गावातले पन्नास-साठ लोक, लांब टेबलं, हॅमचे सँडविच, कोबीची कोशिंबीर. जेवण झालं की कोच बारलो पडद्यावर शनिवारच्या सामन्याची फिल्म लावतो आणि लोक प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न आर्डिसचा, कारण मोसमाचं तिकीट तिच्याइतकी वर्षं कुणीच काढलेलं नाही. क्लबचा नियम एकच आहे. खेळाडूचं नाव घ्यायचं नाही, नंबर घ्यायचा नाही. ओळ म्हणा, बचाव म्हणा, पण पोराचं नाव नको. पोरं आपलीच आहेत आणि त्यांच्या आया पलीकडच्या टेबलावर बसलेल्या असतात. नियम मोडणाऱ्याने त्या दिवशीची सगळी भांडी घासायची.

बारलो पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस होता. सामन्याचा आवाज त्याच्या घशात अजून बसलेला होता. “मंडळी, दोन-शून्य,” तो म्हणाला. टाळ्या वाजल्या. “सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. उत्तरार्धात आपण उन्हाने वितळलो. या आठवड्यात पोरांना पळवणार आहे. आर्डिसबाई, विचारा.”

“तिसऱ्या सत्रातली, उत्तरार्धातली, आपली पहिली खेळी लावा,” आर्डिस म्हणाली.

“उघडलं आजीने खातं,” बड पुटपुटला, आणि दोन-तीन जण हसले.

बारलोने लावली. फिल्म मैदानाच्या टोकावरून, उंचावरून घेतलेली होती. दोन्ही ओळी समोरासमोर स्पष्ट दिसत होत्या. चेंडू गेला, ओळ फुटली, क्वार्टरबॅक आडवा झाला.

“हे मी दहा वेळा पाहिलंय,” बारलो म्हणाला. “उजव्या बाजूचे दोघं एकाच माणसावर गेले.”

“चेंडू द्यायच्या आधी थांबवा.”

त्याने थांबवली.

“आता पूर्वार्धातली कुठलीही लावा. त्याच जागी थांबवा.”

बारलोने मागे नेली. पडद्यावर इमेट ओणवा होता, मान वर, डावा हात पुढे, तोंड उघडं.

“आता पुन्हा तिसऱ्या सत्रातली.”

मान खाली होती. हात चेंडूवर होता.

तळघरात कुणीतरी खुर्ची सरकवली. बारलोने पुढची खेळी लावली, थांबवली. मग त्याच्या पुढची. आर्डिसने सांगावं लागलं नाही. एका खेळीत हात वर होता आणि तो रिकाम्या गवताकडे होता. बारलो रिमोट हातात धरून पडद्याजवळ गेला, लोकांकडे पाठ करून.

“मी यांच्या पायांकडे बघत होतो,” तो हळूच म्हणाला. “पाय जड झालेत का ते.”

“तो दमला नव्हता, कोच,” आर्डिस म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता. “इमेटला शनिवारी मार लागलाय. त्याने येत्या शनिवारी खेळता कामा नये.”

नाव घेतलं होतं, आणि स्वतःच्या नातवाचं. पलीकडच्या टेबलावरच्या बायकांपैकी एकीने रुमाल घडी करून ठेवला.

“दुसरा प्रश्न कुणाचा?” असं म्हणून आर्डिस उठली आणि बाह्या सावरत स्वयंपाकघरात गेली.

साबणाचं पाणी काढून तिने अर्धी ताटं घासली होती तेव्हा बारलो आत आला. त्याने दार लावून घेतलं. खुंटीवरचं फडकं घेतलं आणि एक ताट पुसायला लागला.

“क्विग्लीने चाचणी घेतली होती,” तो म्हणाला. “तो पास आहे, आर्डिसबाई. मी काल रात्री कागद पाहिला.”

“ऑगस्टमधली चाचणी खोटी आहे.”

तो पुसायचा थांबला.

“मुद्दाम वाईट दिली त्याने. चौथ्या वर्षाची सगळी पोरं तेच करतात, असं तो म्हणाला. मला तेव्हापासून ठाऊक होतं.”

बारलो ओट्याला टेकला. बराच वेळ फडकं ताटावर गोल फिरत राहिलं, ताट कोरडं झालं तरी.

“सगळी?”

“तो म्हणाला सगळी.”

“चौथ्या वर्षाची अकरा पोरं आहेत माझ्याकडे. मी हे ऐकलंय असं झालं तर मला सगळ्यांचीच चाचणी परत घ्यावी लागेल. शनिवारी मी कुणाला घेऊन जाऊ?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“तुमच्याशी तो बोलणार नाही, कळतंय ना तुम्हाला?”

“काल रॉस्कोही तेच म्हणाला.”

बारलोने ताट ढिगावर ठेवलं आणि लगेच दुसरं उचललं. “मीही असंच केलं असतं, त्याच्या वयाचा असतो तर,” तो म्हणाला. “केलंच होतं. तेव्हा चाचणी नव्हती, डॉक्टर बोटं दाखवायचे. आम्ही दोन म्हणायचं ठरवून ठेवलं होतं.”

“आणि?”

“बहुतेकदा दोनच असायची.” तो दाराकडे गेला. “मी मिस क्विग्लीकडे जातो.”

*

सोमवारी संध्याकाळी फोन वाजला. आर्डिसने उचलला.

“तू वचन दिलं नव्हतंस,” इमेट म्हणाला. “ते खरं आहे.”

“इमेट...”

त्याने फोन ठेवला.

मंगळवारी कॉलेजने चौथ्या वर्षाच्या सगळ्या खेळाडूंची चाचणी पुन्हा घेतली, या वेळी डॉक्टरांकडून. बुधवारी आर्डिस नळाची वायसर आणायला बडच्या दुकानात गेली. बडने वायसर कागदात गुंडाळून दिली आणि गल्ल्याकडे बघत राहिला.

“माझा नातू धडधाकट आहे,” तो म्हणाला. “त्याला कुणी शिंकूनसुद्धा लागलेलं नाही. आणि आता त्याला उघड्या अंगाने डॉक्टरसमोर बसवलंय. खोटारडा म्हणून.”

“चाचणी त्यानेही खोटीच दिली होती, बड.”

“तुझा हिशेब नेहमीच बरोबर असतो, आर्डिस. मला तो आवडतो असं कधी म्हटलंय मी?” मग थोडं थांबून, “तुझा कसाय?”

“माहीत नाही.”

बडने मान हलवली. वायसर चुकीच्या मापाची दिली होती. घरी गेल्यावर कळलं. ती बदलायला ती पुन्हा गेली नाही. रॉस्कोने जुनीच उलटी करून बसवली.

गुरुवारी मुलीचा, म्हणजे इमेटच्या आईचा, शिकागोहून फोन आला. कोलंबस शहरातल्या मेंदूच्या तज्ज्ञाने त्याला तपासलं होतं. रिपोर्ट यायचा होता. इमेटने आईला सांगितलं होतं की आजीला काही कळवू नको, आणि म्हणूनच तिने फोन केला होता. “तुझ्यावर फार चिडलाय, आई,” मुलगी म्हणाली. “मला म्हणाला, डोक्यात सतत भुंगा चालू आहे. हे त्याने आत्ता कबूल केलं. तुझ्यावर चिडायच्या नादात बोलून गेला.”

“चिडू दे,” आर्डिस म्हणाली. “चिडलेला असताना मान वर करतो का?”

“म्हणजे?”

“काही नाही. झोपतोय ना नीट?”

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता शनिवारच्या सामन्याचा संघ जाहीर झाला. बाहेरगावचा सामना, नदीच्या वरच्या अंगाला, दोन तासांच्या रस्त्यावर. सेंटरच्या जागी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता, ज्याने आजवर कॉलेजच्या एकाही सामन्यात चेंडू दिलेला नव्हता. चौथ्या वर्षाच्या अकरांपैकी सात जण संघात होते. उरलेल्या चौघांबद्दल कॉलेजने काही सांगितलं नाही. बडचा नातू सातांमध्ये होता.

“हरणार आपण,” रॉस्को म्हणाला.

“हरणार,” आर्डिस म्हणाली. “पण तो दुसऱ्या वर्षाचा मुलगा मान वर करतो का, ते बघायचंय.”

तिने गाडीच्या टायरमधली हवा तपासली आणि टाकी भरून आणली. संघाची बस सकाळी सातला निघणार होती. बाहेर बसवलेले खेळाडूही हवं तर बसमधून जाऊ शकतात. ते ज्याच्या त्याच्या इच्छेवर असतं. तज्ज्ञाचा रिपोर्ट त्या वेळेपर्यंत आलेला नव्हता, आणि इमेट बसमध्ये असेल की नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.